रास अठराची, पण आपला घड कोणता?

यावल तालुक्यातल्या एका गावचे ३६ वर्षांचे गृहस्थ लिहितात. ते पुण्याजवळ एका कंपनीत नोकरीला आहेत. वडील, म्हणजे अण्णा, ६१ वर्षांचे, केळीबागायतदार. वर्षभर त्यांचं पोट नीट साफ होत नव्हतं, शौचातून रक्त जायचं. मूळव्याध समजून घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःही ते अंगावर काढलं. दिवाळीनंतर पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि जळगावला रातोरात ऑपरेशन करावं लागलं. मोठ्या आतड्याची गाठ निघाली, शौचासाठी पोटावर पिशवी आली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन डाग दिसले, फुप्फुसं स्वच्छ आहेत. 'चौथी स्टेज आहे, दीड-दोन वर्षं धरून चाला,' असं त्यांना सांगण्यात आलं. अण्णांना आणि आईला मात्र 'साधी गाठ होती, निघाली' एवढंच सांगितलं आहे. काका म्हणतात, कात्री लागली तिथेच पसरला, आता केमो देऊन हाल करू नका. सुरतेची बहीण म्हणते, दोन एकर विकू आणि मुंबईला नेऊ. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अण्णांचं दूध, साखर आणि केळी बंद आहेत. पत्रलेखक विचारतात: अण्णांकडे खरोखर किती वेळ आहे? जमीन विकून उपचार करावेत, की त्यांना घरीच सुखानं राहू द्यावं?

भाऊ,

पत्रातली एक ओळ तुम्ही आधी खोडली आहे आणि खाली तीच पुन्हा लिहिली आहे: 'म्हणजे अजून दोन दिवाळ्या, की एकच?' बाकीचे सगळे प्रश्न या ओळीतून फुटलेत असं मला वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी डॉक्टर नाही. खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कॅन्सरच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर, तुमच्यासारख्या मुलामुलींसोबत. औषध कोणतं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि घरात काय बोलायचं, एवढं मी सांगू शकते.

तुम्ही केळीवाल्या घरातले. कापणी झाली, काटा झाला की आपण म्हणतो, रास अठराची लागली, म्हणजे घडाचं सरासरी वजन अठरा किलो. पण त्या बागेतला प्रत्येक घड अठरा किलोचा असतो का? नळीच्या तोंडाशी असलेल्या खोडाचा घड पंचवीसला जातो, करप्यानं पानं गेलेल्या खोडाचा दहाच्या पुढे सरकत नाही. रास खोटी नसते. व्यापाऱ्याला हिशेब करायला ती पुरते. पण एका खोडासमोर उभं राहून 'याचा घड किती किलोचा होईल?' असं कुणी विचारलं, तर तुम्ही रास सांगणार नाही. त्या खोडाचा घेर बघाल, पानं मोजाल, फण्या मोजाल. तुम्हाला सांगितलेली दीड-दोन वर्षं ही बागेची रास आहे. अण्णांचं खोड अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

तरीही मोठे आकडे तुमच्यापासून लपवत नाही. चौथ्या स्टेजला उपचार घेतलेच नाहीत, तर बहुतेकांचा काळ महिन्यांतच मोजावा लागतो. आजची केमो आणि तिच्या जोडीची औषधं मिळालेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचण्यांत मधला आकडा दोन ते अडीच वर्षांच्या आसपास येतो. मधला म्हणजे शंभर जणांना ओळीनं उभं केलं तर पन्नासाव्याचा: निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. पलीकडच्यांतले काही फार लांब जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत दूरच्या अवयवात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १०० पैकी साधारण १३-१४ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. पाच वर्षांचा आकडा काढायचा तर पाच वर्षांपूर्वीचे रुग्ण घ्यावे लागतात, म्हणजे तो आकडा कालच्या उपचारांचा असतो. आणि चाचण्यांत घेतलेले रुग्ण मुळात चालते-फिरते असतात, त्यामुळे तिथला आकडा थोडा वरचा असतो. दोन्हीकडून थोडं थोडं सांभाळून घ्यायचं.

'चौथी स्टेज' हा शब्द ऐकला की पाचवी नाही म्हणून सगळं संपलं, असं माणूस धरून चालतो. पण चौथी म्हणजे फक्त एवढंच, की कॅन्सर मूळ जागेपासून दूरच्या अवयवात पोचला आहे. लिव्हरवर एकच डाग असलेला माणूसही चौथ्यातच, आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडे दाणे पसरलेला माणूसही चौथ्यातच. या दोघांचे रस्ते अगदी वेगळे असतात. पोटाच्या अस्तरावर पसरलेला कॅन्सर आवरायला अवघड असतो. फक्त लिव्हरवर, तेही मोजके डाग असतील, तर गोष्ट वेगळी. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरमधून गाळून पुढे जातं, म्हणून तुटलेल्या पेशी पहिल्यांदा तिथेच अडकतात. कधी कधी त्या तिथेच थांबलेल्या असतात.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात: तीन डाग, फुप्फुसं स्वच्छ. हे तीन डाग कापून काढता येतील का, हा प्रश्न आतापर्यंत तुम्हाला कुणी घातला का? पत्रात तरी तसं दिसत नाही. ज्या निवडक रुग्णांचे लिव्हरवरचे डाग पूर्ण काढता येतात, त्यांच्यातले १०० पैकी सुमारे ४० पाच वर्षांनंतर हयात असतात, आणि काहींना तर दहा वर्षं उलटली तरी तो परत येत नाही. १३ आणि ४० यांत केवढं अंतर आहे बघा. मात्र 'निवडक' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. लिव्हरमध्ये पसरलेल्या रुग्णांत सुरुवातीलाच असं ऑपरेशन जमेल असा पाचातला एखादाच असतो, आणि ऑपरेशन झालेल्यांतही बऱ्याच जणांना तो पुन्हा डोकं वर काढतो. डाग किती यापेक्षा ते कुठे आहेत, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेत का, आणि कापल्यावर निरोगी लिव्हर किती उरेल, यावर निर्णय होतो. साधारण २० ते ३० टक्के चांगलं लिव्हर मागे ठेवता आलं पाहिजे. उरलेलं पुन्हा वाढतं. कधी आधी केमो देऊन डाग आकसवतात आणि मग काढतात.

हे ठरवणारा माणूस लिव्हरचं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन असायला हवा, आणि त्यानं ती सीटी केमो लांबत जाण्याआधी पाहायला हवी. सहा-आठ महिने केमो झाल्यावर त्याच्याकडे गेलात, तर औषधानं लिव्हर नाजूक झालेलं असतं. कधी डाग स्कॅनमध्ये दिसेनासे होतात, पण पेशी तिथेच असतात, आणि मग कुठे कापायचं हेच कळत नाही. मोठ्या केंद्रांत सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून हे ठरवतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. उत्तर 'नाही, जमणार नाही' असंही येऊ शकतं. पण ते विचारून आलेलं 'नाही' असू द्या.

आता फाईल उघडा. तुम्ही रिपोर्टमधला 'सिग्मॉइड' हा शब्द उतरवून पाठवला आहे. तो डाव्या बाजूच्या आतड्याचा भाग, आणि ही त्यातल्या त्यात बरी बाजू. उजव्या आणि डाव्या बाजूचा कॅन्सर स्वभावानं वेगळा असतो. एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ज्यांच्या गाठीत केआरएएस नावाच्या जनुकात बदल नव्हता, अशा रुग्णांत डाव्या बाजूवाल्यांचा मधला आकडा सुमारे ३३ महिने आला, उजव्या बाजूवाल्यांचा १९. म्हणून 'आतड्याचा कॅन्सर' एवढं सांगून कुणाच्या मावसभावाशी अण्णांची तुलना करू नका. मावसभावाची गाठ कुठे होती हे कुणालाच ठाऊक नसतं. अण्णांच्या बाबतीत दुसरीकडचं वजनही आहे. आतडं पूर्ण बंद होऊन घाईत ऑपरेशन करावं लागणं ही चांगली सुरुवात नव्हे. त्यात आतडं फुटलं होतं का, हे ऑपरेशनच्या टिपणात लिहिलेलं असतं. तेही विचारा.

फाईलमध्ये नसलेला कागद मात्र त्याहून मोलाचा आहे. गाठीची जनुकीय तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. लॅबमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स लेखी अर्ज देऊन मिळतात. त्यासाठी अण्णांना पुन्हा सुई टोचायची गरज नाही. त्यावर आरएएस (वरचं केआरएएस याच गटातलं), बीआरएएफ ही जनुकं आणि एमएसआय, म्हणजे पेशींची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडल्याची खूण, या तपासण्या कराव्यात का, असं डॉक्टरांना विचारा. आरएएसमध्ये बदल नसेल तर डाव्या बाजूच्या गाठीवर चालणारं एक जास्तीचं औषध उपलब्ध होतं. बदल असेल तर तेच औषध म्हणजे पैसे पाण्यात. बीआरएएफमधला एक ठरावीक बदल शंभरात आठ-दहा जणांत सापडतो, आणि तो कॅन्सर आक्रमक असतो. त्याच्यासाठी आता वेगळी औषधं आहेत. एमएसआय जास्त असलेले चौथ्या स्टेजला शंभरात चार-पाचच निघतात, पण त्यांच्यासाठी इम्युनोथेरपीनं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांनी, चित्रच पालटलं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचा आजार केमोवर साधारण आठ महिने थांबला, तर इम्युनोथेरपीवर सोळा महिन्यांहून जास्त. ती महाग आहे, लाखांत जाते. पण आधी आपण त्या चार-पाचांत आहोत का हे तर कळू द्या. तिथवर जमिनीचा विषय काढूच नका. कोणतं औषध लागणार हे माहीत नसताना त्याच्या किमतीसाठी दोन एकर काढणं म्हणजे बी कुठलं पेरायचं ते न ठरवता पाभर जुंपणं.

अण्णांच्या अंगातली ताकद कोणत्याही लॅबच्या रिपोर्टइतकीच महत्त्वाची आहे. डॉक्टर दारातून आत येणाऱ्या रुग्णाकडे बघूनच अर्धा अंदाज बांधतात: स्वतःच्या पायांनी चालत आला की धरून आणला? घरच्या घरी मोजायचं माप सोपं आहे. अण्णा दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात असतात का? नसतील, स्वतःची आंघोळ स्वतः करत असतील, तर केमो झेपण्याची शक्यता चांगली. तुम्ही लिहिलंय, ते रोज संध्याकाळी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बागेपर्यंत जातात आणि बांधावर बसून येतात. ही फार चांगली बातमी आहे. ते बंद करू नका. जमलं तर मोटरसायकल थोडी अलीकडे थांबवा आणि शेवटचे दोनशे पावलं चालू द्या. ६१ हे वय एवढ्यानं हात टेकायचं नाही. वजन किती उतरलं, रक्तातलं अल्ब्युमिन (पोषणाचा अंदाज देणारं प्रथिन) किती आहे आणि सीईए हा रक्ततपासणीत कॅन्सरचा माग देणारा आकडा चढतोय की उतरतोय, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. सीईएचा एकच आकडा घेऊन घाबरू नका, तीन-चार आकड्यांची दिशा बघा.

आणि भाऊ, त्यांना केळी खाऊ द्या. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो हे मोबाइलवर फिरणारं वाक्य किती घरांतल्या रुग्णांना खंगवून गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कॅन्सर उपाशी मरत नाही, रुग्णाचे स्नायू झडतात, आणि स्नायू झडलेल्या माणसाला केमो सोसत नाही. जन्मभर केळी पिकवणाऱ्या माणसाच्या ताटातून केळ काढून घेतलंय, आणि का, हेही त्याला सांगितलेलं नाही. मधुमेह किंवा किडनीचा त्रास नसेल, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कारणानं मनाई केली नसेल, तर आजपासून द्या. दूध, अंडी, मुगाचं वरण द्या. आईला फुनके येत असतील तर कढीसोबत फुनके करा. वाफवलेले, मऊ, डाळीचे, तोंड आलेलं असतानाही जातात. शेवभाजीचा रस्सा काही दिवस बाजूला राहू द्या.

थंडीबद्दल एक. अशा केमोत बरेचदा ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध असतं. ते दिल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीच्या लाइटवर मोटर चालू करायला शेतकरी उठतो आणि पहाटेच्या पाण्यात हात घालतो. अण्णांना तेवढे महिने ते करू देऊ नका. पितळेच्या तांब्यातलं रात्रीचं पाणी नको, कोमट द्या, हातात लोकरी मोजे असू द्या. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो आणि 'केमो अंगावर उलटली' म्हणून मधूनच उपचार सोडतो.

काकांविषयी तुमच्या पत्रात राग आहे. काकांनी कुणाला तरी केमोत पाहिलं असणार, बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. त्यांना ते विचारा, ऐकून घ्या. मग शांतपणे सांगा की डाग ऑपरेशननं आणलेले नाहीत, गाठ महिनोन्महिने आत होती, तेव्हाच पेशी निघून गेल्या होत्या. स्कॅन झाला म्हणून त्या दिसल्या. आपल्याकडे माणूस उशिरा दवाखान्यात जातो, ऑपरेशन होतं, दोन महिन्यांत खालावतो, आणि गाव म्हणतं, कात्री लागली. पण काकांच्या एका म्हणण्यात तथ्य आहे: हाल होत असतील तर थांबता आलं पाहिजे. केमो म्हणजे आयुष्यभराची शपथ नव्हे. 'दोन-तीन महिने घेऊ, मग सीटी करू, फायदा आणि त्रास दोन्ही तराजूत घालू, मग पुढचं ठरवू,' असं डॉक्टरांशी बोलता येतं. अण्णांना नकोच असेल तर घरी राहून वेदना, उलट्या, अडथळा यांवर नीट उपचार घेत जगणं हाही मानाचा रस्ता आहे. वेदनाशमन आणि आधार देणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीपासून ही काळजी मिळालेले रुग्ण बरं वाटून जगले आणि काही महिने जास्तही जगले. म्हणून 'केमो की घर' असं दोन टोकांवर उभं राहू नका. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांची पहिली भेट केमोच्या पहिल्या महिन्यातच घ्या.

आता जमीन. दोन एकर कुणाच्या नावावर आहेत? सातबारा अण्णांचाच असणार. म्हणजे विकायची तर खरेदीखतासाठी त्यांना दुय्यम निबंधकाकडे नेऊन बसवावं लागेल, अंगठा आणि फोटो घ्यावा लागेल. 'साधी गाठ होती, निघाली' असं ज्यांना सांगितलंय, त्यांच्याकडून ही सही तुम्ही कशासाठी म्हणून घेणार? बहीण म्हणते विका, काका म्हणतात नको, तुम्ही मधे. ज्याची जमीन आणि ज्याचं शरीर, तो माणूस या बैठकीत नाहीच. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, जमिनीचा आणि उपचारांचा. मला ते एकाच तिसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबलेले दिसतात, आणि तो तुम्ही विचारलेला नाही.

अण्णांना काही माहीत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. शिंदखेड्याकडचे एक कापूस पिकवणारे बाबा मला आठवतात. तिन्ही मुलांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की बाबांसमोर कॅन्सर हा शब्द काढायचा नाही. एका दुपारी मुलं जेवायला गेली तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, 'माले मालूम व्हतं ताई. पोरे रडतीन म्हनीसन मी बोलनू नही.' चार महिने ते एकटे ते घेऊन पडून होते. त्यांना एका भावाशी तुटलेला व्यवहार मिटवायचा होता, आणि तो राहून गेला. अण्णा रोज सकाळी स्वतःच्या पोटावरची पिशवी बघतात. तुम्हीच लिहिलंय, ते दर दोन दिवसांनी विचारतात, 'ही कधी काढणार?' आणि तुम्ही विषय बदलता. विषय बदललेला त्यांना कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

एका बैठकीत सगळं ओतू नका. घरात गर्दी नसेल अशी वेळ बघा. बागेतच बोललात तर उत्तम, तिथे माणूस मोकळा असतो. सांगण्याआधी विचारा: 'अण्णा, ऑपरेशनबद्दल तुम्हाला काय वाटतं?' ते काय बोलतात ते पुरतं ऐका. मग विचारा: 'डॉक्टरांनी जे सांगितलंय ते सगळं तुम्हाला सांगू, की मी बघून घेऊ?' काही माणसं खरोखर म्हणतात, तू बघ. तो त्यांचा हक्क आहे आणि तोही पाळायचा. पण तो त्यांनी सांगितला पाहिजे. ते म्हणाले सांग, तर आधी एवढंच: गाठ कॅन्सरची होती, लिव्हरवर डाग आहेत, आणि त्यावर उपचार आहेत. दीड-दोन वर्षांचा आकडा ते विचारत नाहीत तोवर काढू नका, आणि विचारला तर रासेची गोष्ट सांगा. ती त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगली कळेल. आईला त्याच दिवशी सांगा. चाळीस वर्षांच्या संसारात एकाला कळलं आणि दुसऱ्याला नाही, असं ओझं कुणावर टाकू नका.

पैशाचं बघू. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरची बरीच ऑपरेशनं आणि केमो तीत बसतात. नवी महागडी औषधं बसतीलच असं नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा, नंतर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं ठरलं, तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. भुसावळहून मुंबईच्या गाड्या आहेतच. दर पंधरा दिवसांनी केमोसाठी मात्र मुंबई गाठू नका. मोठ्या केंद्रातून उपचारांचा आराखडा घ्यायचा आणि केमो जळगाव-धुळ्यात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घ्यायची, असं अनेक कुटुंबं करतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं. प्रवासात माणूस केमोपेक्षा जास्त थकतो. एवढं करूनही पैसा कमी पडलाच, तर विकण्याआधी वर्षभर बाग बटाईनं द्यायचा पर्याय आहे का, ते अण्णांनाच विचारा.

तुमच्या आणि बहिणीच्या तब्येतीचंही लिहिते, कारण तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. आईवडिलांपैकी एकाला आतड्याचा कॅन्सर झाला, तर मुलांनी साधारण चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. अण्णांची एमएसआय तपासणी वेगळी निघाली, तर घराण्यात चालणारा प्रकार असू शकतो आणि तुमची वेळ आणखी अलीकडे येते. शौचातून रक्त गेलं तर तुम्ही दोघं तरी त्याला मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका.

येत्या रविवारी गावी जाणार आहात ना? लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड्ससाठी अर्ज करा. सीटीची नुसती फिल्म नको, सीडी मागून घ्या. लिव्हरचे सर्जन ती कॉम्प्युटरवर पुढेमागे करून बघतात. ऑपरेशनचं टिपण, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावा. आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा कागद अण्णांसोबत बसून लिहा. पहिला प्रश्न त्यांचाच घ्या, त्यांच्याच शब्दांत: ही पिशवी कधी काढणार? तो छोटा प्रश्न नाही. पिशवी काढायची की नाही आणि केव्हा, हे लिव्हरचं काय करायचं आणि केमो किती चालणार यावर ठरतं. त्याचं उत्तर देताना डॉक्टरांना बाकी सगळं आपोआप सांगावं लागेल, आणि ते अण्णांकडे बघून सांगतील.

तुमची ताई